निळा दोरा

त्या रविवारी सकाळी अप्पा दारातल्या उजेडाला पाट टाकून बसले होते आणि कॉम्प्युटरच्या वायरींना दोरे बांधत होते.

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी मान वर केली नाही. नव्या पॉवर सप्लायच्या पिशवीतून काढलेल्या सात वायरी समोर ओळीनं मांडल्या होत्या आणि मांडीवर निळ्या सुताची कांडी होती. एकेक वायर उचलायची, टोकापासून दोन बोटं सोडून दोरा गुंडाळायचा, गाठ मारायची आणि उरलेलं टोक दातानं तोडायचं. गाठ मारताना त्यांची बोटं नेमकं काय करतात हे मला लहानपणापासून कधी दिसलं नव्हतं. बोटं एकमेकांवरून जायची आणि गाठ झालेली असायची.

"वायरींनासुद्धा कंठा घालतात बघ तुझे अप्पा," आई आतून म्हणाली. "मला लग्नानंतर एक घातला नाही."

"तुझ्या गळ्यात काय चुकीचं खोचलं तर काय जळत नाही," अप्पा म्हणाले.

मी हसले. दुपारी एकच्या गाडीनं मला पुण्याला परतायचं होतं. सोमवारी आमच्या कॉलेजात तपासणी समिती येणार होती आणि ग्रंथालय माझ्याकडे होतं. येताना रजिस्टरांची एक चळत बरोबर आणली होती, ती पिशवीतून बाहेरही निघाली नव्हती.

अप्पांनी तीस वर्षं सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात जकार्डची नक्षी काढली. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, मग ते पत्ते मागावर चढायचे आणि चादरीवर मोर उमटायचा. बावन्नाव्या वर्षी ते कॉम्प्युटर शिकले. क्लासमधली मुलं त्यांना काका म्हणायची. त्यानंतर घरातली पुढची खोली हीच त्यांची कचेरी झाली. टॉवेल आणि चादरी करणारे आठ-दहा कारखानदार त्यांच्याकडून नक्षी करून नेत. एकोणीस वर्षांचं ते सगळं काम एका डिस्कवर होतं, आणि शेजारच्या दुसऱ्या डिस्कवर त्याची प्रत. "एक गेली तर दुसरी हाय," असं ते निर्धास्तपणे सांगत.

आठवड्यापूर्वी जुना पॉवर सप्लाय, म्हणजे सगळ्या भागांना वीज वाटून देणारा डबा, बंद पडला होता. जुना मीच पुण्याहून आणून दिला होता, नवाही मीच आणला. दुकानात जुन्या कंपनीचा मिळाला नाही. दोन्हींच्या वायरी सुट्या होत्या. पाहिजेत तेवढ्या डब्यात खोचायच्या, नको त्या पिशवीत ठेवायच्या.

"जुन्या वायरी आत बसवलेल्याच आहेत," मी म्हणाले. "नुसता डबा बदलला तर नाही चालणार?"

अप्पांनी पहिल्यांदा मान वर केली. जुन्या सप्लायची पिशवी ओढून त्यातली एक शिल्लक वायर काढली आणि नव्या वायरीशेजारी धरली. जुनीला जांभळा दोरा होता.

"फरक सांग."

मला दिसला नाही.

"नाहीच दिसणार. घोळ तिथंच हाय. हे टोक डिस्कला लागतं, तिथं सगळ्या जगात एकच रीत. हे टोक डब्याला लागतं, तिथं ज्याची त्याची रीत. खाच तीच, पिना तेवढ्याच. खोचली तर बसते पण. आणि पाच व्होल्ट जायचे तिथं बारा जातात."

"मग?"

"मग काय. डिस्क गेली." त्यांनी जुनी वायर परत पिशवीत टाकली. "ताणा संपल्यावर नवा जोडताना दोन दोन हजार धागे बांधायचो आम्ही. सगळे पांढरे. त्यातला एक शेजाऱ्याला बांधला गेला तर पुढच्या सगळ्या चादरींत ती खोड. टोकं सारखी दिसली म्हणून धागा तोच असतो असं नाही, लली."

मी म्हटलं की निळा आणि जांभळा हेसुद्धा फार जवळचे रंग झाले, पिवळा तरी घ्यायचा होता.

"पिवळा संपला. आणि जवळचे तुला. जांभळ्यात तांबडं असतंय. मला अजून दिसतंय ते."

यात थोडी फुशारकी होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. वर्तमानपत्र ते भिंगानं वाचत, रस्त्यावरची माणसं आवाजावरून ओळखत. डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं, पण ऑपरेशन म्हणजे महिनाभर काम बंद. ते पुढच्या हंगामावर ढकलत राहिले. रंग दिसतायत तोवर डोळे आहेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या धंद्यात ते खरंही होतं.

साडेदहाला आम्ही कॉम्प्युटरची पेटी आडवी करून उघडली. आतली मागची बाजू अंधारी होती, म्हणून वायरी बदलायचं काम माझ्याकडे आलं. जांभळ्या दोऱ्याच्या सगळ्या काढायच्या, निळ्या घालायच्या, आणि जांभळ्या मोजून जुन्या पिशवीत टाकायच्या. अप्पा शेजारी बसून एकेक सांगत होते. मोठी वायर बदलली, तिच्याखालची बदलली. मग फाटकाशी स्कूटर थांबली आणि येमूलशेठ आले, म्हणून ते बाहेर गेले.

श्रीपती येमूल टॉवेलचे कारखानदार. अप्पांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक आणि खरं तर मित्रच. त्यांना एका हॉटेलच्या ऑर्डरसाठी किनार हवी होती. अप्पांनी ती करून ठेवली होती, फक्त कॉम्प्युटर सुरू व्हायचा अवकाश होता. बाहेर ओट्यावर दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. अंगणातला पारिजातक मेला की झोपला यावर वाद चालला होता.

आत उरली होती डिस्कची वायर. तिला चार तोंडं होती, त्यातल्या दोहोंना दोन डिस्क लावलेल्या. ती पत्र्याच्या मागून गेली होती, आणि हलू नये म्हणून अप्पांनी तिला चार ठिकाणी सुतानं पत्र्याला बांधून टाकलं होतं. त्या गाठी नखानं हलेनात. साडेअकरा झाले होते. पिशवी भरायची होती, जेवायचं होतं, रिक्षा मिळवायची होती.

मी स्वयंपाकघरात जाऊन कात्री मागितली.

"त्यांच्या गाठीला कात्रीच लागते," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "सुटायची म्हणून नाही ती."

मी कात्री घेऊन परत पेटीत वाकले. पंधरा मिनिटांनी अप्पांना हाक मारून सांगितलं की झालं.

अप्पा आत आले, मागोमाग येमूलशेठ. अप्पा गुडघ्यावर बसले, खिशातली छोटी बॅटरी पेटवली आणि डब्यावर खोचलेल्या वायरींवरून एकेक करून फिरवली. निळा, निळा, असं ते स्वतःशीच पुटपुटत होते. चौथ्या वायरीवर बॅटरी जराशी थांबली. मग तिथंही त्यांनी निळा म्हटलं आणि पेटी उभी केली.

"दिवटेबुवा, पूजा झाली असेल तर नारळ फोडा," येमूलशेठ अप्पांना म्हणाले.

अप्पांनी बटण दाबलं.

पंखा फिरला. मग नखानं काच टिचकावी एवढा आवाज झाला, लगोलग दुसरा. जळका, गोडसर वास आला. अप्पांनी भिंतीतला प्लग ओढून काढला, पण तोवर दोन्ही डिस्कना जे व्हायचं ते झालं होतं.

ती वायर मी बदलली नव्हती. जुनीच होती तशी ठेवून तिचं टोक नव्या डब्यात खोचलं होतं. अप्पा म्हणाले होते तशीच ती अलगद बसली होती. बसली म्हटल्यावर मला वाटलं की म्हाताऱ्या माणसाची काळजी आहे, जास्तच असणार.

अप्पांनी हात घालून एका डिस्कला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. मग पेटी पुन्हा आडवी केली, बॅटरी लावली आणि तोंड अगदी जवळ नेलं.

"निळाच दिसतोय मला," ते म्हणाले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा बघितलं. "येमूलशेठ, मला निळाच दिसतोय हो."

"तुम्हाला दिसतोय," येमूलशेठ हळू आवाजात म्हणाले. ते वाकले नाहीत.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "लली, तू बघ. कुठला हाय गं?"

मी वाकले. बॅटरीचा उजेड बरोबर दोऱ्यावर होता.

"जांभळा," मी म्हणाले.

अप्पांनी बॅटरी बंद केली. थोडा वेळ ते तसेच गुडघ्यांवर बसून राहिले, हात पेटीच्या पत्र्यावर ठेवून. मग म्हणाले, "म्हणजे बांधतानाच चुकला असेल. नाहीतर बघताना. दोन्हीकडं डोळेच की."

येमूलशेठ भले माणूस होते, आणि भल्या माणसांना अशा वेळी जे सुचतं तेच त्यांना सुचलं. त्यांनी अप्पांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. म्हणाले की पुष्कळ केलंत, आता डोळे दाखवा, विश्रांती घ्या. हॉटेलची किनार ते अक्कलकोट रोडच्या एका मुलाकडून करून घेतील, पुढचंही काही दिवस त्याच्याकडेच देतील, अप्पांनी त्याची काळजी करू नये. अप्पा होय होय म्हणत होते. स्वतःच्या तळहाताकडे बघत होते.

तिथं बोलायला मला एक वाक्य पुरलं असतं. येमूलशेठ जाईपर्यंत वेळ होता, नंतर जेवायला बसलो तेव्हा वेळ होता, रिक्षा दारात येईपर्यंत वेळ होता. जेवताना अप्पांनी आईला एवढंच सांगितलं की डोळ्यांनी घात केला. आईनं त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. मी ताट घासून ठेवलं आणि पाया पडून निघाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, नेहमी ठेवत तेवढाच वेळ.

संध्याकाळी सात वाजता मी पुण्यात घराचं कुलूप काढत होते तेव्हा फोन वाजला.

पोचलीस का, गाडीत जागा मिळाली का, असं सगळं त्यांनी विचारलं. समिती किती वाजता येणार तेही. मग म्हणाले, "लली, आजचं मनाला लावून घेऊ नकोस. डोळ्यांनी झालं ते माझ्या."

मी हं म्हणाले.

"आणखी काय?"

"काही नाही, अप्पा."

"बरं," ते म्हणाले. पण फोन लगेच ठेवला नाही. पलीकडे आमच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती. मीच म्हणाले की अजून कुलूपही काढलेलं नाही, आणि ठेवला.

सोमवारी समिती ग्रंथालयात असताना अकरा वाजून दहा मिनिटांनी शिपाई निरोप घेऊन आला. अप्पा अंघोळ करून आरशापुढे उभे होते. भांग पाडता पाडता खाली बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

सुतकाच्या दिवसांत माणसं येत होती. येमूलशेठ रोज येऊन बसत. आल्यागेल्याला तेच सांगत की दिवटेबुवांनी कामाचा धसका घेतला, मी समोर होतो, स्वतःच्याच डोळ्यांनी फसवलं त्या माणसाला. लोक माना हलवत. मी चहा देत फिरत होते. अप्पांचं हृदय आधीपासून नाजूक होतं असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि ते खरंच असेल. मला त्याचा उपयोग झाला नाही.

तेराव्यानंतर मी त्या दोन्ही डिस्क रुमालात गुंडाळून पुण्याला नेल्या. शहरात एक प्रयोगशाळा होती, बंद पडलेल्या डिस्कमधली माहिती काढून देणारी. तिथल्या माणसानं डिस्कच्या खालची हिरवी पट्टी भिंगाखाली धरली आणि मिनिटभरात विचारलं, "दुसऱ्या कंपनीच्या सप्लायची वायर लावली होती का?"

मी होय म्हटलं.

"आठवड्याला दोन तरी येतात अशा. बसते ना, म्हणून लावतात लोक. कोणी लावली होती?"

"वडिलांनी," मी म्हणाले. "त्यांना नीट दिसत नव्हतं."

दीड महिन्यानं त्याचा फोन आला. वरची पट्टी जळली होती, आतल्या तबकड्या शाबूत होत्या. जवळजवळ सगळं परत आलं. अकराशेच्या वर नक्ष्या. मोर, कोयऱ्या, कुंपणाची किनार, हॉटेलवाल्यांची नावं. ज्या गोष्टीसाठी त्या दुपारी अप्पांचा हात पत्र्यावरून उठत नव्हता, ती एका पाकिटात माझ्या हातात आली. मी ते येमूलशेठना नेऊन दिलं. ते माझ्यापुढे रडले. मुलगी असावी तर अशी, असं त्यांनी चार जणांत सांगितलं आणि त्या चार जणांनी आणखी चौघांत. आईनं ते ऐकून माझी दृष्ट काढली. मी पुढ्यात बसून काढून घेतली.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. अप्पांच्या किनारी अजून विणल्या जातात. मागे एकदा नगरला एका परिषदेला गेले होते, तिथल्या खोलीत टॉवेलवर त्यांची कोयरी होती. मी तोंड धुऊन ते पदरानं पुसलं.

या श्रावणात आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी रजा घेऊन सोलापूरला राहिले होते. दिवसातून चार वेळा तिच्या डोळ्यात दोन औषधं घालायची होती. एक थेंब घातला की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, मग दुसरा. ती पाच मिनिटं आईला फार लांब वाटत. हात रिकामे, डोळे बंद, म्हणून ती बोलत राही.

त्या दुपारी पहिला थेंब घालून मी तिच्या उशाशी बसले होते. पुढच्या खोलीतली पेटी तिनं अजून झाकून ठेवली आहे.

डॉक्टरांकडच्या मुलीनं सकाळी तिला रंगांची पुस्तिका दाखवली होती. आई त्याबद्दल सांगत होती. हिरव्यातला हिरवा ओळखा म्हणे, आता हिरव्यात काय हिरवा ओळखायचा. मग म्हणाली, "तुझे अप्पा असते तर त्या पोरीलाच शिकवून आले असते. त्यांना शेवटपर्यंत रंग दिसायचे."

"त्या दिवशी नाही दिसले," मी म्हणाले. इतकी वर्षं तेच म्हणायची सवय होती.

"कोण म्हणतं? तू गेल्यावर दुपारभर तेच करत बसले होते की. कांड्यांची टोपली घेतली, दारात बसले. मला म्हणाले, तू एकेक दोरा तोडून माझ्या हातावर ठेव आणि काही बोलू नकोस. मी ठेवायची, ते रंग सांगायचे. निळा, काळा, जांभळा, परत निळा. मुद्दाम चार वेळा निळा दिला, चार वेळा जांभळा. एक चुकले नाहीत."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं त्यात? माणूस गेला." आईनं पापण्यांवरून हात फिरवायला वर नेला, मी तो धरून खाली ठेवला. "मग ती जळलेली वायर काढून आणली पेटीतनं. उजेडाला धरली. मला विचारलं, हा कुठला? मी म्हटलं निळा. त्यांनी मान हलवली. मग नुसती ती गाठच बघत बसले किती वेळ. नखानं जरा ओढली आणि सुटली बघ ती. मी म्हटलं, अहो, तुमची गाठ आणि सुटली? वय झालं म्हणून चेष्टा पण केली मी."

"काय म्हणाले?"

"हसले. दोरा बोटाला गुंडाळला आणि खिशात ठेवला. पेटीत परत बघायला गेले नाहीत. मग म्हणाले, लली पोचली असेल आता, फोन लाव तिला."

बाहेर कोणीतरी फाटक लोटून पेपराचं बिल विचारत होतं, नंतर या असं मी इथूनच सांगितलं. आईचा हात अजून माझ्या हातात होता. घड्याळात दोन मिनिटं उरली होती. आणखी काय, असं त्यांनी विचारलं होतं आणि थांबले होते. मी कुलूप काढायचं आहे म्हणाले होते.

"गप्प का झालीस?" आईनं डोळे मिटूनच विचारलं.

शब्द सगळे नीट निघाले.

"आई, ती जुनी वायर काढायचा मी कंटाळा केला. अप्पा तपासतील म्हणून तिचा जांभळा दोरा कात्रीनं कापला आणि कांडीवरचा निळा बांधला. ती गाठ माझी होती. त्यांनी मला रंग विचारला तेव्हा मी जांभळा म्हणाले. तो निळाच होता, आई. अप्पांना बरोबर दिसत होतं."